संग्रहालयातील झापोटेक मूर्तिपात्र कसे पाहावे

दक्षिण मेक्सिकोतील वाहाका खोऱ्यात झापोटेक कुंभारांनी घडवलेली मातीची मूर्तिपात्रे आज मेक्सिको शहरातील राष्ट्रीय मानवशास्त्र संग्रहालयापासून न्यूयॉर्क, टोरोंटो, लंडन, पॅरिस आणि बर्लिनपर्यंत विखुरलेली आहेत, आणि जवळजवळ सर्वत्र ती एकाच रीतीने मांडलेली दिसतात. काचेच्या कपाटात मांडी घालून बसलेली एक आकृती असते. तिचे हात गुडघ्यांवर टेकलेले, कानांत चकत्यांसारखी मोठी कर्णभूषणे, छातीवर पदक आणि डोक्यावर चेहऱ्याहूनही उंच शिरोभूषण असते. खाली पाटीवर पर्जन्यदेव कोसिहोचे नाव आणि शतकांचा एक ढोबळ आकडा असतो. पाहणारा पाटी वाचतो आणि पुढच्या कपाटाकडे वळतो. शंखचक्र दिसले की विष्णू, पायाशी उंदीर दिसला की गणपती, असे लक्षणांवरून ओळखण्याची आपल्याला लहानपणापासून सवय असल्यामुळे आपण तर हे काम आणखीच लवकर उरकतो. या पात्रांपुढे मात्र ती सवय थोडी आवरावी लागते, कारण पाटीवरच्या मजकुरात देवाचे नाव हाच बहुधा सर्वांत कच्चा भाग असतो. आधी पात्र, मग चेहरा, मग अंक आणि त्यानंतर ते कोठून आले याची हकिकत, असे पाहत जावे आणि नाव सर्वांत शेवटी घ्यावे, अशी पद्धत मी येथे सुचवतो.

आधी बाजूला जाऊन पाहावे

समोरून मूर्ती वाटणारी ही वस्तू मुळात भांडे आहे, आणि हे कळण्यासाठी कपाटाच्या बाजूला जाऊन उभे राहावे लागते. बाजूने पाहिल्यास आकृतीच्या पाठीमागे एक साधा, उभा, नळकांड्यासारखा भाग दिसतो. त्याचे तोंड वर उघडे असते आणि पुढची सगळी सजावट, म्हणजे धड, हातपाय, चेहरा आणि शिरोभूषण, त्या नळकांड्यावर पुढून बसवलेली असते. मागची बाजू बहुतेक वेळा कोरीच राहते. यावरून ही वस्तू एका बाजूनेच पाहिली जाईल अशा बेताने, भिंतीला किंवा कोनाड्याला पाठ लावून ठेवण्यासाठी घडवली असावी हे समजते. ज्या संग्रहालयात पात्र भिंतीला चिकटवून ठेवलेले असते, तेथे पाहणाऱ्याचे अर्धे काम बुडते. अशा वेळी संग्रहालयाच्या संकेतस्थळावर बाजूचे आणि पाठीमागचे छायाचित्र आहे का, हे घरी येऊन जरूर पाहावे.

स्पॅनिश अभ्यासकांनी या वस्तूंना ‘उर्ना’ म्हटले आणि तोच शब्द युरोपभर रूढ झाला. त्याचे मराठी करताना हाताशी ‘अस्थिकलश’ हा शब्द येतो आणि तेथेच घोटाळा होतो, कारण या पात्रांत मृतांची राख ठेवलेली नसे. झापोटेक लोक आपल्या प्रतिष्ठित मृतांना दगडी थडग्यांत पुरत असत, आणि उत्खननात सापडलेली बहुतेक पात्रे आतून रिकामीच निघाली आहेत. आत काही नाशिवंत पदार्थ ठेवला असेल तर तो उरलेला नाही. म्हणून मी ‘मूर्तिपात्र’ हा शब्द वापरतो. तो जरा पुस्तकी आहे, पण खोटे काही सांगत नाही.

पात्र कोठे ठेवले जात असे, हे माहीत असले की त्याचे रूप अधिक उलगडते. झापोटेकांचे मुख्य नगर मोंते अल्बान हे इ.स.पू. ५०० च्या सुमारास डोंगरमाथ्यावर वसले आणि पुढे हजार वर्षांहून अधिक काळ खोऱ्यावर त्याचा वरचष्मा राहिला. मेक्सिकन पुरातत्त्वज्ञ आल्फोन्सो कासो यांनी १९३१ साली तेथे मोठे उत्खनन सुरू केले आणि पुढच्या अनेक हंगामांत शंभराहून अधिक थडगी उघडली. त्यांतील १०४ क्रमांकाच्या थडग्याच्या दारावर, वाड्याच्या दर्शनी भागाची आठवण करून देणाऱ्या बांधणीच्या मधोमध, एक कोनाडा आहे आणि त्यात कोसिहोचे शिरोभूषण घातलेली बसलेली आकृती होती. आत जाणाऱ्याच्या डोक्यावर, दाराच्या बरोबर वर, अशी ती जागा आहे. इतर ठिकाणी पात्रे थडग्याच्या आत, दारापुढे, घराच्या चौकाच्या जमिनीखाली आणि देवळांखालच्या अर्पणांतही मिळाली आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकन पुरातत्त्वज्ञ मार्शल सॅव्हिल यांना मोंते अल्बानच्या पायथ्याजवळच्या होहोकोतलान येथे एका थडग्यापुढे पाच पात्रांची ओळ मिळाली होती. एक मुख्य आकृती आणि तिचे चार सोबती असे पाचांचे संच अन्यत्रही आढळतात. त्यामुळे कपाटात एकटे बसलेले पात्र पाहताना याचे सोबती कोठे असतील, हा प्रश्न मनात यायला हवा. एकाच संचातील पात्रे वेगवेगळ्या हातांतून विकली गेली असण्याची शक्यता नेहमीच असते.

माती आणि हात

यानंतर जितके जवळ जाता येईल तितके जवळ जावे. वाहाकाच्या या पात्रांची माती बहुधा राखी असते, कारण भट्टीत हवा कोंडून ती भाजलेली असतात. नळकांडे वळ्यांनी किंवा मातीच्या पट्ट्यांनी उभारले जाई, अंगाचे भाग पोकळ घडवून त्याला जोडले जात, आणि पिसे, मणी, पदके, फुले, दोऱ्यांच्या गाठी अशा बारीक वस्तू वेगळ्या करून ओल्या मातीने वरून डकवल्या जात. शिरोभूषणाच्या कडेकडे पाहिले तर पट्टीवर पट्टी कशी चढवली आहे ते उघड दिसते, आणि एखादा मणी गळून पडला असेल तर तेथे तो चिकटण्यासाठी पाडलेले ओरखडे किंवा त्याचा ठसा शिल्लक राहिलेला असतो. मला स्वतःला अशा गळून गेलेल्या जागाच अधिक बोलक्या वाटतात. अखंड पात्रापेक्षा थोडे मोडलेले पात्र आपली घडण अधिक मोकळेपणाने दाखवते.

खाचाखोचांत, विशेषतः नाकपुडीच्या कडेला, बोटांच्या मध्ये आणि शिरोभूषणाच्या खोबणीत, लाल रंगाचे कण शोधावेत. भाजून झाल्यावर पात्रावर लाल रंग चढवण्याची पद्धत होती. तो भाजणीत पक्का झालेला नसल्यामुळे धुतल्याने आणि हाताळल्याने बहुतेक गेलेला असतो. आज करडी आणि गंभीर दिसणारी ही मंडळी मूळची बरीच भडक होती, हे ध्यानात ठेवले की कपाटातल्या मंद उजेडाचा परिणाम थोडा कमी होतो.

काळ ठरवण्यासाठी नवशिक्याला एवढा आडाखा पुरे. ख्रिस्ती सनाच्या आगेमागे दोन-एक शतकांतील पात्रांत शरीराला महत्त्व असते, चेहरे सजीव आणि शिरोभूषण आटोपशीर असते. इ.स. २०० नंतर शिरोभूषण वाढू लागते, आणि सुमारे ५०० ते ८०० या काळात ते इतके वाढते की शरीर त्याच्या खाली बैठकीसारखे उरते. याच काळात साच्यांचा वापरही वाढलेला दिसतो आणि एकसारखे चेहरे वारंवार भेटतात.

चेहरा आहे की मुखवटा

आता चेहऱ्याकडे यावे. पाहण्यातला सर्वांत नाजूक भाग हाच आहे, म्हणून येथे घाई करू नये.

कोसिहो या झापोटेक शब्दाचा अर्थ वीज असा आहे, आणि दोनशे साठ दिवसांच्या पंचांगाचे जे पासष्ट दिवसांचे चार भाग पडत, त्यांनाही हाच शब्द होता. वीज, पाऊस आणि काळाचे भाग एकाच शब्दात बसतात, यावरून ही शक्ती त्या शेतकरी समाजाच्या किती मुळाशी होती ते कळते. कोसिहोचे तोंड ओळखण्यासाठी तीन जागा पाहाव्यात. डोळ्यांभोवती वर आणि खाली जाड, कोपरे असलेल्या पट्ट्या बसवलेल्या असतात, त्यामुळे डोळे चौकटीत अडकल्यासारखे दिसतात. नाक आणि वरचा ओठ मिळून पुढे आलेले एक मुस्कट तयार होते, त्याखाली वरचे दात किंवा सुळे दिसतात. तोंडातून खाली लोंबणारी जीभ टोकाला दुभंगलेली, सापाच्या जिभेसारखी असते. याशिवाय शिरोभूषणाच्या मध्यभागी एक विशिष्ट चिन्ह वारंवार येते; कासो यांनी चिन्हांना रोमन अक्षरे दिली होती, त्यांतील ‘सी’ हे त्याचे नाव आजही चालते.

येथे थांबून एक प्रश्न विचारावा: हे तोंड नेमके कोठे आहे? ते आकृतीच्या चेहऱ्याच्या जागी असेल तर त्याच्या कडेला खरा गाल, हनुवटी किंवा कान डोकावतो का ते पाहावे. पुष्कळ पात्रांत मुस्कटाच्या मागे माणसाचा चेहरा स्पष्ट कळतो, म्हणजे तो चढवलेला मुखवटा असतो. हे तोंड शिरोभूषणात असेल आणि त्याखाली साधा, मिटल्या किंवा किंचित उघडलेल्या ओठांचा मानवी चेहरा असेल, तर बसलेली व्यक्ती कोसिहो नव्हे. ती कोसिहोचे चिन्ह डोक्यावर मिरवणारी कोणी दुसरी आहे. शिरोभूषण आणि ते घालणारा यांत फरक न केल्याने पाट्यांवर जितक्या चुका होतात, तितक्या दुसऱ्या कशानेही होत नसाव्यात.

कोसिहोखेरीज काही रूपे वारंवार भेटतात. शिरोभूषणात मक्याची कणसे असतील तर ती आकृती धान्याच्या देवाशी, म्हणजे पिताओ कोसोबीशी, जोडली जाते. वटवाघूळ आणि जग्वार यांत गफलत होते, कारण दोघांनाही दात विचकलेले दाखवतात. वटवाघळाचे कान मोठे असून त्यात आतली पाकळी दाखवलेली असते आणि नाकावर वर उचललेला पापुद्रा असतो. सुरकुतलेला म्हातारा चेहरा, रुंद चोचीच्या पक्ष्याचे शिरोभूषण, सोललेल्या कातडीचा मुखवटा आणि केसांच्या वेण्या डोक्याभोवती गुंडाळून गुडघे टेकून बसलेली स्त्री ही आणखी काही रूपे आहेत. यांची लांबलचक यादी पाठ करण्यात फारसा अर्थ नाही.

देव, पूर्वज की सोंग

कासो आणि त्यांचे सहकारी पुरातत्त्वज्ञ इग्नासिओ बेर्नाल यांनी १९५२ साली या पात्रांवर जे मोठे काम प्रसिद्ध केले, त्यात शिरोभूषण, मुखवटा आणि चिन्हे यांवरून त्यांचे गट पाडून बहुतेक गटांना देवदेवतांची नावे दिली. संग्रहालयांतील पाट्या आजही मुख्यतः त्याच कामाच्या आधाराने लिहिलेल्या असतात. त्या कामाची थोरवी मोठी आहे. गट पाडण्याची त्यांची शिस्त नसती तर पुढचा वादच शक्य झाला नसता. अडचण नावांची आहे. ‘तेरा सर्प’ नावाची देवी किंवा ‘एक वाघ’ नावाचा देव असे त्यांनी म्हटले, ते पात्रांवरच्या पंचांगातील दिवसांच्या नावांवरून, म्हणजे एक अंक आणि एक चिन्ह यांच्या जोडीवरून.

अमेरिकन पुरातत्त्वज्ञ जॉयस मार्कस यांनी १९८० च्या दशकात यावर आक्षेप घेतला. झापोटेक समाजात माणसाचे नाव त्याच्या जन्मदिवसावरून ठेवले जाई, म्हणून पात्रावर पंचांगातील नाव असेल तर ती आकृती देवाची नसून त्या नावाच्या मृत पूर्वजाची असण्याचा संभव अधिक, असे त्यांचे म्हणणे आहे. पात्रे थडग्यांत सापडतात, हेही त्या मताला पोषक आहे. अभ्यासक अ‍ॅडम सेलेन यांनी जगभरातील संग्रहांत पसरलेल्या पात्रांची सूची करताना तिसरा मार्ग दाखवला: यांतील पुष्कळ आकृती देवाचा मुखवटा आणि वेष धारण करून विधी करणाऱ्या माणसांच्या आहेत. बोहाड्यात देवाचा मुखवटा चढवून नाचणारा माणूस ज्यांनी पाहिला आहे, त्यांना ही कल्पना समजावून सांगावी लागणार नाही. मुखवट्याखालच्या माणसाला सगळे ओळखतात आणि तरीही त्याला नमस्कार करतात.

मला तिसरे मत सर्वांत पटते, कारण शिरोभूषण आणि चेहरा यांतील जो फरक डोळ्यांना दिसतो, त्याचा उलगडा त्यानेच होतो. तथापि सर्व पात्रांना एकच उत्तर लागू करण्याचा हट्ट धरू नये. सोळाव्या शतकात हुआन दे कोर्दोवा या धर्मोपदेशकाने जो झापोटेक शब्दकोश तयार केला आणि जो १५७८ साली छापला गेला, त्यात ‘पिताओ’ हा शब्द देव या अर्थाने येतो. परंतु तो शब्द नोंदला गेला तेव्हा ही पात्रे घडवणे थांबून कित्येक शतके उलटली होती. ख्रिस्ती धर्मोपदेशकाने उत्तरकालात लिहिलेला शब्द आठव्या शतकातील मातीवर चिकटवताना हात थोडा आखडलेलाच बरा.

अंक कसे वाचावेत

पदकावर, शिरोभूषणावर किंवा बैठकीवर आडव्या दांड्या आणि ठिपके दिसले तर ते अंक असतात. एक ठिपका म्हणजे एक आणि एक दांडी म्हणजे पाच. दोन दांड्या आणि तीन ठिपके म्हणजे तेरा. अंकाशेजारी एखादा प्राणी, फूल, पाणी किंवा गारगोटी असे चिन्ह असते. तेरा अंक आणि वीस चिन्हे यांच्या जोड्यांनी दोनशे साठ दिवसांचे पंचांग पुरे होते. यातून एक उपयोगी कसोटी मिळते: दिवसाच्या नावात तेरापेक्षा मोठा अंक येऊ शकत नाही. दिवसाच्या चिन्हाला जोडून तीन दांड्या दिसल्या तर एक तर आपले वाचन चुकले आहे, किंवा घडवणाऱ्याला आपण काय लिहितो आहोत हे ठाऊक नव्हते.

वाहाकातील संग्रहालयात कुइलापान येथील ‘लेखक’ या नावाने प्रसिद्ध असलेली बसलेली आकृती आहे. तिच्या शिरोभूषणावर आणि छातीवर अशी अंकांसह कोरलेली चिन्हे आहेत, आणि अंकवाचनाच्या पहिल्या सरावाला ती उत्तम आहे, कारण ती दूरूनही स्पष्ट दिसतात.

बनावट पात्रांची शंका

या भागाकडे पाट्या बहुधा दुर्लक्ष करतात, म्हणून पाहणाऱ्याने तो स्वतः सांभाळावा. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आणि विसाव्याच्या आरंभी युरोप-अमेरिकेतील संग्राहकांकडून मागणी वाढताच वाहाकात बनावट पात्रे घडू लागली. त्यांतील काही फारच कौशल्याने केलेली होती: माती त्याच खोऱ्यातली, हात कुंभारांचेच, आणि कधी जुन्या पात्रांचे तुकडे किंवा त्यांवरून घेतलेले साचेही हाताशी. टोरोंटोच्या रॉयल ऑन्टारिओ संग्रहालयाने वाहाकातील ब्रिटिश उपवाणिज्यदूत कॉन्स्टंटाइन रिकार्ड्स यांच्याकडून साधारण १९२० च्या आसपास मोठा संग्रह घेतला. पुढे तपासण्या झाल्या तेव्हा त्यातील अनेक पात्रे अर्वाचीन असल्याचे निष्पन्न झाले. असा अनुभव इतर मोठ्या संग्रहांनाही आला आहे, आणि टोरोंटोच्या संग्रहाचे तर बनावटीच्या अभ्यासासाठीच आता महत्त्व आहे.

प्रयोगशाळेत यासाठी तापदीप्ती चाचणी वापरतात. मातीतील स्फटिकांत नैसर्गिक किरणोत्सर्गामुळे ऊर्जा साठत जाते. भट्टीत भाजताना ती निघून जाते आणि भाजणीनंतर साठा पुन्हा शून्यापासून सुरू होतो. चिमूटभर माती काढून तापवली की साठलेली ऊर्जा प्रकाशरूपाने बाहेर पडते आणि त्यावरून शेवटच्या भाजणीला किती काळ लोटला याचा अंदाज येतो. या चाचणीची मर्यादा अशी की माती जेथून काढली त्या जागेचाच काळ कळतो. तळ प्राचीन असून चेहरा आणि शिरोभूषण विसाव्या शतकातील असेल, तर तळाची माती सत्य सांगूनही फसवते.

साध्या डोळ्यांनी पाहणाऱ्याला काही खुणा तरी टिपता येतात. एकाच आकृतीवर कित्येक शतकांच्या अंतराने प्रचलित असलेली चिन्हे एकत्र आली असतील, अंक आणि चिन्हे निरर्थक असतील, सजावटीचे भाग एकमेकांशी काही संबंध नसल्यासारखे भरलेले असतील, किंवा नाटकी, उग्र हावभाव परदेशी ग्राहकाच्या ‘भयानक देवा’च्या कल्पनेला साजेसा असेल, तर शंका घ्यावी. अस्सल झापोटेक चेहरा बहुतांशी शांत असतो. एकच खूण दिसली म्हणून निकाल देऊ नये. जुन्या पात्रांची डागडुजीही पूर्वी सढळ हाताने झालेली आहे, आणि प्लास्टरचा नवा कान अस्सल डोक्यालाही असू शकतो.

नोंद कशी वाचावी आणि कशी लिहावी

पाटीवर किंवा संकेतस्थळावरील नोंदीत तीन गोष्टी शोधाव्यात: सापडल्याचे ठिकाण, संग्रहात आल्याचे साल आणि कोणाकडून आले ते नाव. ‘वाहाका’ एवढेच लिहिलेले असेल तर उत्खननाची माहिती नाही असे समजावे, कारण ते राज्याचे नाव आहे आणि विक्रेते ते सहज सांगत. थडग्याचा क्रमांक दिलेला असेल तर ते पात्र, कितीही मोडके असले तरी, शेजारच्या झगमगीत पण बेवारस पात्रापेक्षा अभ्यासाला अधिक मोलाचे असते. मेक्सिकोने १८९७ च्या कायद्याने पुरातन स्मारके राष्ट्राची मालमत्ता ठरवली आणि १९७२ च्या कायद्याने ती भूमिका अधिक काटेकोर केली. १९७० साली युनेस्कोचा सांस्कृतिक मालमत्तेविषयीचा करार झाला. त्यामुळे एखादे पात्र त्या सुमारानंतर परदेशात प्रथमच प्रकट झाले असेल, तर आधीच्या मालकांची साखळी दिली आहे का हे पाहावे. उत्खननातून आलेली पात्रे एकत्र पाहायची असतील तर मेक्सिको शहरातील राष्ट्रीय संग्रहालयाचे वाहाका दालन आणि वाहाका शहरात सांतो दोमिंगोच्या जुन्या मठातील संग्रहालय यांना पर्याय नाही. मोंते अल्बान १९८७ पासून जागतिक वारसा यादीत आहे आणि तेथेही छोटे संग्रहालय आहे.

शेवटी स्वतःची नोंद लिहावी, तीही कपाटासमोर उभे राहूनच, कारण घरी आल्यावर पाटीवरचे नावच आठवते आणि डोळ्यांनी पाहिलेले पुसट होते. समजा, पाटीवर ‘कोसिहो’ एवढेच लिहिले आहे, तर आपली नोंद काहीशी अशी व्हावी: “राखी माती, मागे उघड्या तोंडाचे नळकांडे. मांडी घातलेली आकृती, हात गुडघ्यांवर. चेहरा मानवी, ओठ मिटलेले, कानांत चकत्या. शिरोभूषणात कोसिहोचे मुस्कट, मध्ये ‘सी’ चिन्ह. डाव्या नाकपुडीच्या कडेला लाल रंग. अंक नाहीत. शिरोभूषणाचा उजवा तृतीयांश वेगळ्या रंगाचा, बहुधा डागडुजी. ठिकाण: वाहाका. पूर्वीचा मालक दिलेला नाही. कोसिहोचे शिरोभूषण घातलेली व्यक्ती, नाव अज्ञात.”